दवाने पुसलेल्या अकरा गाड्या

आमच्या इमारतीच्या आवारात अकरा गाड्या उभ्या असतात. थंडीत पहाटे त्यांच्यावर दव पडलं की त्या गाड्या वाटत नाहीत, बसलेल्या म्हशी वाटतात. लाल, पांढरी, निळी असं काही राहत नाही. सगळ्या एका रंगाच्या, पाठीवर ओल घेऊन गप्प बसलेल्या. जुळे सोलापुरात त्या दिवसांत कधी कधी धुकं असं खाली येतं की समोरच्या इमारतीचे दिवे हवेत टांगल्यासारखे दिसतात. मला चारनंतर झोप लागत नाही. मी शाल घेऊन तळमजल्याच्या गॅलरीत बसते. त्या वेळी माणूस धड जागा नसतो आणि धड झोपलेलाही नसतो. मेलेली माणसं घरात कुठंतरी आहेत असं वाटतं, आणि जिवंत असलेली कोणत्या गावाला गेली ते लवकर आठवत नाही.

अशा वेळी त्या म्हशींमधून यादगिरी फिरायचा. पावलांचा आवाज नाही, बोलणं नाही. ओला टॉवेल पत्र्यावरून खाली ओढल्याचा तेवढा आवाज, लांब आणि सरळ. एक म्हैस पुसून झाली की तिची गाडी व्हायची. मग दुसरी. उजाडेपर्यंत अकराच्या अकरा गाड्या आपापल्या रंगात उभ्या असायच्या आणि यादगिरी निघून गेलेला असायचा. कितीतरी लोकांनी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मी त्याला पाच हिवाळे पाहिलं. माझा तो कोणी नव्हता. पण थंडी आली की तोच आठवतो, त्याला मी काय करू?

तो सोलापूरच्या पूर्व भागातला तेलगू माणूस. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. कारखाना बंद पडला आणि तो गाड्या पुसायला लागला. अंगाने काटकुळा, कानाला मफलर, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. कितीही गारठा असो, बाह्या खाली घ्यायचा नाही. म्हणायचा, "बाही भिजली की हात बधिर होतंय अक्का. बधिर हाताला खडा कळत न्हाई." मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून अक्का.

पहिल्या हिवाळ्यात मला त्याचा राग आला होता. बादलीत निम्मंच पाणी आणि गाड्या अकरा. मला वाटलं, हा माणूस फडकं दाखवून पळणारा आहे. मी गॅलरीतून म्हणाले, "एवढ्याशा पाण्यात काय पुसतोस रे? नुसता चिखल फिरवशील."

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाइप लावून गाडी धुवायची नाही असा सोसायटीचा नियम आहे. हे मला माहीत होतं, तरी मी बोलले. मला बोलायची सवय आहे.

तो जवळ आला. टपावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय हाय अक्का?"

"दव."

"मग? पाणीच की. तुमचा नळ पाच दिवसानं येतंय. हा नळ रोज येतंय. मी फक्त येळेवर येतो."

त्याचं सगळं काम त्या दवावर होतं. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की वाऱ्यावर कुठून तरी काळी राख येते. कुठल्या कारखान्याची ते मला ठाऊक नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, गाड्यांवर पडते. ती बारीक आणि खरखरीत असते. कोरड्या फडक्याने पुसली की पत्र्यावर ओरखडे उठतात. लोक नेमकं तेच करतात. सकाळी ऑफिसची घाई, हातात फडकं, घास घास घासायचं आणि मग म्हणायचं, गाडीची चमक गेली. यादगिरी म्हणायचा, राखेला आधी रात्रभर भिजू द्यायचं. दव तिला पत्र्यावरून उचलून धरतं. मग ओला टॉवेल वरून खाली नुसता ओढायचा, दाबायचा नाही. टॉवेलच्या वजनाने राख खाली येते. टॉवेलची घडी अशी घालायचा की एका घडीला आठ बाजू मिळायच्या. एका बाजूने एकदाच पुसायचं. गोल फिरवायचं तर कधीच नाही. सरळ जायचं, सरळ यायचं. मागावरचा धोटा जातो तसं. काचा शेवटी.

आणि हे सगळं उन्हं यायच्या आत. ऊन आलं की नळ गेला.

बादलीतलं पाणीही तो जमिनीतल्या हौदातून काढायचा. वरच्या टाकीचं पाणी पहाटे हात कापून काढतं. हौदाचं कोमट असतं. हौदाचं झाकण उघडलं की त्यातून वाफ निघायची आणि यादगिरी त्यात कमरेपर्यंत नाहीसा व्हायचा. मी डोळे चोळून बघायची. तो परत दिसायचा.

त्याच्या बोटांना थंडीत भेगा पडायच्या. मी एकदा आमसुलाचं तेल दिलं. लावलं नाही.

"अरे, रक्त येतंय की."

"तेलकट बोट काचेला लागलं की धब्बा पडतंय अक्का. संक्रांत झाल्यावर लावतो."

"तोवर बोटं राहतील का?"

"ऱ्हातील की. कुटं जातील?"

कोणी ओल्या गाडीवर बोटाने रेघ ओढली की मात्र तो चिडायचा. माझा मुलगा दिलीप गाडीवर थाप मारत बोलतो, त्याला सवय आहे. एकदा बोलता बोलता त्याने दारावर बोट फिरवलं. यादगिरीने त्याचं मनगटच धरलं. "बोटाखाली राख हाय सायेब. रेघ पडंल. जायची न्हाई मग." दिलीप मोठा बँकेतला साहेब, पण हात मागे घेतला.

आम्ही एकदा माझ्या गावी जाऊन आलो. करमाळ्याकडे आहे, धरणाच्या पाण्याच्या कडेला. दुसऱ्या दिवशी पहाटे यादगिरी चाकाजवळ बसून काहीतरी बोटात चोळत होता. म्हणाला, "ही माती आपल्याकडची न्हाई. गाळ हाय. रेशमासारखं लागायलंय. कुटं गेलता अक्का?"

"माझ्या गावाला."

तो उठला आणि टॉवेलचा कोपरा माझ्यापुढे धरला. त्यावर काळा गाळ. "घ्या. तुमचं गाव."

"धुऊन टाक," मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले असेन. त्या धुक्यात कोण बघतंय? पण त्याने मातीकडे पाहिलं नव्हतं. पूर्ण वेळ त्याचं तोंड माझ्याकडे होतं, आणि माझ्याकडे म्हणजेही माझ्या थोडं डावीकडे. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

कळलं ते सायकलीमुळे. आधी तो सायकलवर बसून यायचा. चौथ्या हिवाळ्यापासून सायकल हातात धरून चालत यायला लागला. पूर्व भागातून इथं चालत म्हणजे दीड तास. मी विचारलं, "काय झालं सायकलीला?"

"पंक्चर."

दुसऱ्या दिवशीही पंक्चर. आठ दिवस पंक्चर. नवव्या दिवशी तो हौदावर गेला तशी मी पायऱ्या उतरून आवारात गेले आणि दोन्ही चाकं दाबून पाहिली. दगडासारखी टणक.

तो परत आला. मी सायकलीपाशीच उभी होते. तो माझ्या जवळून गेला, अगदी हातभर अंतरावरून, आणि त्याला मी दिसले नाही. गॅलरीकडे तोंड करून म्हणाला, "आज लई दव हाय अक्का."

मी मागून म्हणाले, "यादगिरी, मी इथं आहे."

त्याच्या हातातली बादली हलली नाही, एवढं मला आठवतं. ती त्याने खाली ठेवली. मग म्हणाला, "सायकल पुढं असली की खड्डा तिला आधी कळतंय. मग मला."

"किती दिसतं?"

"उजेड कळतंय. माणूस आलेला कळतंय. कोण ते न्हाई."

"डोळे दाखव."

"दाखवतो की." आणि लगेच म्हणाला, "सेक्रेटरीला सांगू नका अक्का. गाड्या जातील. गाडीला डोळे लागत न्हाईत, हात लागतंय. माग चालवताना पण मी तुटलेला धागा बोटानंच धरायचो."

मी सांगितलं नाही. कनवाळूपणाने नव्हे. त्याचं काम तसूभर घसरलं नव्हतं. घसरलं असतं तर मीच पहिली ओरडले असते. मात्र तेव्हापासून मी गॅलरीत नुसती बसायची नाही. "डॉक्टरांची गाडी आज नाही रे." "तिसरीच्या मागे कोणाचा तरी स्टूल ठेवलाय." "पाचवीच्या टपावर मांजर आहे, हाकल." तो म्हणायचा, "व्हय." आणि टॉवेल सरळ खाली यायचा. धुक्यात मी बोलायची आणि समोरचं दव नाहीसं होत जायचं. कधी कधी मला वाटायचं, मी झोपेतच बोलते आहे आणि गाड्या आपोआप पुसल्या जात आहेत.

डोळे त्याने दाखवले. म्हणजे दिलीपने सुट्टीच्या दिवशी त्याला गाडीत घालून नेलं. घरात मी तेवढं सांगितलं होतं. मोतीबिंदू असता तर काढला असता. निघाला काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, राहिलेलं सांभाळा. थेंब दिले. येताना गाडीत तो पुढच्या सीटवर अवघडून बसला होता. घरी येऊन दिलीप म्हणाला, "आई, तो जन्मात पहिल्यांदा आपल्या गाडीत आतून बसला. पूर्ण रस्ताभर हात मांडीवर. काचेला हात लागू दिला नाही."

पाचव्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बिराजदारांच्या मुलाचं लग्न होतं. अक्कलकोट रस्त्याच्या कार्यालयात. आदल्या संध्याकाळी फुलवाला येऊन नवरदेवाची गाडी सजवून गेला. टपावर गुलछडीच्या माळा, बॉनेटवर जर्बेराच्या फुलांचा मोठा गोल, दारांना झेंडूचे झुबके. सगळं चिकटपट्टीने पक्कं केलेलं. मी गॅलरीतून पाहत होते. मनात म्हटलं, सकाळी यादगिरीला सांगायचं, हिला हात लावू नको.

आणि नेमकी त्या पहाटे मला झोप लागली. खोकल्याचं औषध घेतलं होतं. वर्षानुवर्षं न आलेली झोप आली. त्या झोपेत मला टॉवेलचा आवाज ऐकू येत होता. सरळ, लांब. मला फार बरं वाटत होतं.

जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. यादगिरी गॅलरीखाली उभा होता, खुशीत. "अक्का, कोण की पूजा करून फुलं रातभर तशीच ठेवलंय गाडीवर. वर टेप मारलंय! दवात फुलाचा डाग बसतंय पत्र्याला, सांगून समजत न्हाई लोकाला. येक येक काढलो. टेपचा चिकटा पण काढलो. बघा आता."

मी पाहिलं. बिराजदारांची पांढरी गाडी आरशासारखी उभी होती. तिच्यावर एक पाकळीसुद्धा नव्हती. कडेला भिंतीशी फुलांचा ढीग, नीट गोळा करून ठेवलेला, वर माळांची वेटोळी.

आमच्याकडे नवी गाडी घेतली, अमावास्या आली, काही झालं की लोक गाडीवर फुलं वाहतात आणि विसरतात. ती काढणं हेही तो आपलं काम समजायचा. दुसऱ्या कुणी इतकी फुलं पाहिली असती तर थांबला असता. ह्याने पाहिलीच नव्हती. बोटांना लागली तशी उचलली.

"यादगिरी," मी म्हणाले, "ती नवरदेवाची गाडी होती."

तो ढिगाकडे वळला. मग बिराजदार जिन्यातून खाली आले, सूट, फेटा, कपाळाला गंध. पुढचं सांगायला नको. त्यांच्या बायकोने रडायलाच सुरुवात केली, अपशकुन झाला म्हणून. फुलवाल्याला फोन लावले. तो दुसऱ्या लग्नात अडकलेला. शेवटी ढिगातल्या चार माळा दोऱ्याने आरशांना बांधल्या आणि वरात गेली. गाडी मात्र त्या दिवशी सोलापुरात सगळ्यात स्वच्छ असेल. तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

यादगिरी पळाला नाही. वरात जाईपर्यंत हात जोडून भिंतीशी उभा होता. बिराजदार जाता जाता ओरडले, "आंधळा आहेस का रे?" रागात माणूस असं बोलतोच. यादगिरी म्हणाला, "व्हय सायेब."

त्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी बोलायला सरळ माणूस. "आजी, प्रश्न फुलांचा नाही. उद्या कुणी गाडी मागे घेताना हा खाली आला तर?" ते काही खोटं नव्हतं. बिराजदार म्हणाले, "न दिसणाऱ्या माणसाकडून गाडी पुसून घ्यायची म्हणजे चेष्टा आहे." मी म्हणाले, "तुम्हाला दिसतंय ना? मग दोन वर्षं तो बिनडोळ्यांनी पुसतोय ते तुम्हाला का दिसलं नाही?"  मग बिराजदारच म्हणाले, "ठीक आहे. रविवारी माझी गाडी पुसून दाखव म्हणावं. सगळ्यांसमोर."

मी यादगिरीला सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

रविवारी दव भरपूर होतं. देवाने नव्हे, थंडीने दिलं. साडेसहाला गॅलऱ्यांतून माणसं, कुणाच्या अंगावर चादर, कुणाच्या हातात चहा. यादगिरीने बाह्या वर सारल्या. टॉवेलची आठ बाजूंची घडी घातली. टपापासून सुरुवात.  धुक्यातून गाडी हळूहळू पांढरी होत आली, पोटातून जन्मल्यासारखी. मला ती पुन्हा झोपेतच दिसते आहे असं वाटलं, म्हणून मी गॅलरीची सळई घट्ट धरली. गार होती.

मागच्या चाकाच्या वर त्याचा हात थांबला. टॉवेल खाली ठेवून त्याने नुसत्या बोटांनी ती जागा चाचपली. "सायेब, हितं रंगाखाली फुगलंय. गंज धरायलंय. आत्ता बघून घ्या, न्हाईतर पावसाळ्यात भोक पडंल."

बिराजदार वाकले. त्यांना काही दिसेना. मग त्यांनी बोट ठेवलं. "हो की हो," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "आम्हाला तर पत्ताच नाही."

काचाही झाल्या. एक ओघळ नाही. सेक्रेटरी सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "चालू ठेव यादगिरी. फक्त गाड्या हलायच्या आत काम संपव. कुणी काही म्हणणार नाही." वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. झालं. त्याच्या गाड्या राहिल्या.

माणसं आत गेली. यादगिरी टॉवेल पिळत माझ्या गॅलरीखाली आला. मी म्हणाले, "काय? जिंकलास की."

तो टॉवेल पिळतच राहिला. त्यातून पाणी येणं केव्हाच बंद झालं होतं.

"अक्का, उद्यापास्नं येत न्हाई."

"का? आता तर सगळे हो म्हणाले."

"ते हो म्हणाले. पण त्या पोराच्या आईचं रडणं अजून कानात हाय." मग म्हणाला, "पुसायचं कळतंय मला. मरेपर्यंत कळंल. काय पुसू न्हाई ते कळत न्हाई."

 मी सांगते आहे ना तुला, असं म्हणणार होते. पण मी शहात्तर वर्षांची बाई. एक पहाट झोपले तर काय झालं ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

"मग करशील काय?"

"मुलीकडं चादरीच्या दशा वळायचं काम येतंय. ते बोटाचंच हाय."

त्याने टॉवेल माझ्या गॅलरीच्या सळईवर वाळत घातला. न्यायला विसरला नाही, ठेवूनच गेला. म्हणाला, "दिलीपसायबाला सांगा, दाबायचं न्हाई. नुसतं वढायचं." मी म्हणाले, "तो थाप मारणारा माणूस. त्याला काय जमणार?" तेव्हा तो मोकळा हसला, माझ्या थोडं डावीकडे बघून.

मग त्याने सायकल डाव्या हातात धरली. बिराजदारांची गाडी सोडून बाकीच्या सगळ्या अजून ओल्याच होत्या. म्हशी तशाच बसलेल्या. तो रांगेच्या कडेने फाटकाकडे निघाला आणि त्याने उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं. मला वाटलं, आता हा रेघ ओढणार, ज्याच्यावर इतके हिवाळे चिडला तेच करणार. पण बोट पत्र्याला लागलं नाही. काचांवरून गेलं. काचेवर ओरखडा पडत नाही. एक गाडी, दुसरी, तिसरी. जिथं पत्रा आला तिथं बोट उचलायचा, काच आली की टेकवायचा, एकदाही न चुकता. फाटकापाशी पोचल्यावर त्याने बोट स्वेटरला पुसलं आणि धुक्यात गेला. सायकल आधी दिसेनाशी झाली, मग तो.

मी तिथंच बसून होते. दहा गाड्यांच्या काचांवरून एकाच उंचीची एक रेघ गेली होती, मागावर ताणून धरलेल्या धाग्यासारखी.

आठ वाजता ऊन आलं. आधी दव गेलं, मग रेघ.